जुनी गोड वाइन मुरली की बिघडली? जिभेला विचारा



या सदरात आपण बहुतेक वेळा ओळखीच्या चवींबद्दल बोलतो. आजची चव लांबची आहे, पण बेंगळुरूतल्या बऱ्याच मराठी घरांत ती हल्ली गुपचूप येऊन बसलेली असते. फ्रान्सची गोड वाइन. कुणाचा जावई प्रोजेक्टसाठी पॅरिसला जाऊन येतो, कुणाची आतेबहीण विमानांच्या कंपनीतर्फे टुलूझला वर्षभर राहून येते, आणि बॅगेतून चॉकलेटं, परफ्यूम आणि एक सोनेरी बाटली निघते. "ही गोड आहे, तुम्हालाही आवडेल," असं सांगून ती दिली जाते. मग ती शोकेसमध्ये जाते. लग्नाच्या वाढदिवसाला उघडू, मुलगी पास झाली की उघडू, नव्या घरात गेलो की उघडू. असं करता करता दहा-पंधरा वर्षं जातात. फिकट सोनेरी वाइन आता चहाच्या रंगाची दिसते, आणि घरात प्रश्न पडतो: ही मुरली की बिघडली?

आज याच प्रश्नाचं उत्तर शोधू. उत्तरासाठी वाइनचा कोर्स केलेला असण्याची गरज नाही. मोरांबा आणि लिंबाचं गोड लोणचं खाल्लेलं असलं तरी पुरे.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलू. गोड असली तरी ही दारूच आहे, आणि तिच्यात अल्कोहोल साधारण 13-14 टक्के असतं. बिअरपेक्षा बरंच जास्त. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली स्पष्टच सांगितलं आहे की अल्कोहोलचं कुठलंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित नाही. त्यामुळे जे पीत नाहीत त्यांनी हा लेख वाचून सुरू करू नये. मुलं, गरोदर बायका, औषधं चालू असलेली माणसं आणि गाडी चालवणारे यांच्यासाठी तर ही नाहीच. त्यांच्यासाठी शेवटी दुसरा प्रयोग दिला आहे, आणि तो तितकाच मजेदार आहे.

एवढा गोडवा येतो कुठून?

फ्रान्सच्या गोड वाइनांमध्ये सगळ्यात नावाजलेली म्हणजे सोतेर्न. बोर्दो शहराच्या आग्नेयेला साधारण 40 किलोमीटरवर या नावाचं गाव आहे. तिथे सिरों नावाची थंड पाण्याची छोटी नदी गारोन या मोठ्या नदीला मिळते. शरद ऋतूत दोन्ही पाण्यांच्या तापमानातल्या फरकामुळे सकाळी दाट धुकं पडतं आणि दुपारी ऊन येऊन सगळं सुकवतं.

या ओल्या सकाळींमध्ये द्राक्षांवर बोट्रायटिस नावाची करडी बुरशी धरते. एरवी ही बुरशी म्हणजे बागेचा सत्यानाश. पण धुकं आणि ऊन यांचा ताळमेळ जमला, तर ती द्राक्षाच्या सालीला बारीक छिद्रं पाडते आणि आतलं पाणी उडून जातं. उरतं ते सुरकुतलेलं, तपकिरी, दिसायला कसंनुसं द्राक्ष. मात्र त्याच्यात साखर, आंबटपणा आणि वास सगळं आटून घट्ट झालेलं असतं. फ्रेंच लोक याला 'उमदी सड' अशा अर्थाचं नाव देतात.

सगळी द्राक्षं एकाच दिवशी अशी होत नाहीत. म्हणून तोडणारी माणसं त्याच बागेतून अनेकदा फिरतात आणि तयार झालेली तेवढीच निवडून घेतात. तिथल्या सगळ्यात प्रसिद्ध शातो दिकेम या बागेबद्दल असं सांगतात की एका वेलीपासून जेमतेम एक ग्लास वाइन निघते. 1855 साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनासाठी बोर्दोच्या वाइनांची प्रतवारी झाली, तेव्हा गोड वाइनांमध्ये दिकेमला एकटीला सगळ्यांच्या वरचा दर्जा मिळाला. तरीही 2012 साली हवामानाने दगा दिला आणि त्यांनी आपल्या नावाची गोड वाइन काढलीच नाही. वर्षभराचं पीक हातचं गेलं तरी बाटलीवर नाव घातलं नाही.

आणि आपल्याकडे?

नाशिक-सांगलीकडच्या वाचकांना आतापर्यंत हसू आलं असेल. आपल्याकडे द्राक्षबागायतदाराला बुरशी म्हटलं की घाम फुटतो. भुरी, केवडा, करपा ही नावं ऐकली की फवारणीचा पंप बाहेर येतो. अवकाळी पाऊस पडला, मणी तडकले, की वर्षाची कमाई गेली. त्याला 'उमदी' म्हणायला कोण धजेल?

आपलं वेळापत्रकही उलटं आहे. महाराष्ट्रात एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. म्हणजे द्राक्ष पिकतं ते हवा कोरडी होत जाताना. सोतेर्नसारखं धुकं-उन्हाचं गणित इथे बसत नाही. म्हणून आपल्याकडे गोड वाइनसाठी दुसरा रस्ता घेतात. द्राक्ष वेलीवर जास्त दिवस ठेवायचं आणि साखर वाढू द्यायची. नाशिकच्या सुला कंपनीची 'लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां' याच प्रकारातली. गंमत अशी की शेनिन ब्लां हे द्राक्ष मुळात फ्रान्समधल्या लुआर नदीच्या खोऱ्यातलं. तिथल्या वूव्रे गावची याच द्राक्षाची गोड वाइन चांगल्या वर्षी दशकानुदशकं टिकते.

आपल्या बेंगळुरूच्या आसपास पिकतं ते 'बंगळूर ब्लू'. जाड सालीचं, काळपट जांभळं, तीव्र वासाचं. बाजारात रसासाठी घेतो तेच. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. इथल्या अनेक ख्रिस्ती घरांत नाताळसाठी काळ्या द्राक्षांची घरगुती गोड वाइन करतात. ती त्या नाताळासाठीच असते, वीस वर्षं ठेवण्यासाठी नाही. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

तोल धरते ती आंबट चव

सोतेर्नच्या एका लिटरमध्ये साखर साधारण 100 ते 150 ग्रॅम असते. कोल्ड्रिंकच्या एका लिटरमध्येही शंभरएक ग्रॅम असतेच. मग एक प्यायल्यावर तोंड चिकट का होतं आणि दुसरं प्यायल्यावर पुन्हा एक घोट घ्यावासा का वाटतो? फरक करतो तो द्राक्षाचा स्वतःचा आंबटपणा. पाणी उडून गेल्यामुळे साखरेसोबत तोही आटून तीव्र झालेला असतो.

आता घरातली बरणी आठवा. कैरी गोडसर निघाली की मोरांबा नुसता गुळमट होतो. कैरी करकरीत आंबट असली की तोच मोरांबा वर्षभर पोळीला लागतो. लिंबाचं उपासाचं लोणचं पहिल्या महिन्यात पिवळं, तिखट-आंबट वेगळं लागतं. वर्षभराने तपकिरी होतं. पाच वर्षांनी जवळजवळ काळं होतं, आणि तोंडाची चव गेलेल्या माणसाला आजी चमच्याच्या टोकावर देते ते हेच.

सोतेर्नचं म्हातारपण असंच असतं. आधी फिकट सोनेरी, मग गडद सोनेरी, मग मधासारखी, मग चहासारखी, शेवटी काकवीसारखी. तिच्यातली साखर कमी होत नाही, पण जिभेला ती कमी वाटू लागते, कारण बाकीच्या चवी वर येतात. म्हणून नुसत्या रंगावरून बाटली फेकू नका. वीस वर्षांच्या सोतेर्नने तपकिरीकडे झुकणं स्वाभाविक आहे. चार वर्षांची बाटली तशी दिसली, तर मात्र शंका घ्या.

आणि जुनं म्हणजे चांगलंच, हेही खरं नाही. आंबटपणा कमी असलेली, स्वस्त, गोड केलेली वाइन ठेवून ठेवून फक्त म्हातारी होते. लोणच्याचंही तेच. मुळात फसलेलं लोणचं दहा वर्षं ठेवलं तरी मुरत नाही.

उघडण्याआधी बाटली बघा

लेबलवर साल असतं. ते द्राक्षतोडणीचं साल. सोतेर्न किंवा शेजारचं बार्साक हे नाव असेल आणि साल चांगलं असेल (2001, 2005, 2009 ही तिथली नावाजलेली वर्षं), तर बाटलीत दम असण्याची शक्यता जास्त.

बाटली उभी धरून वाइनची पातळी बघा. बुचाच्या खाली, गळ्यात असेल तर छान. खांद्याच्याही खाली उतरली असेल तर बुचातून हवा आत गेली आहे. बूच वर सरकलंय का, बाहेरून चिकट ओघळ आहे का, तेही बघा. तसं असेल तर बाटलीने उष्णता सोसली आहे.

इथेच बेंगळुरूकरांचा एक गोड गैरसमज आहे. "आमच्याकडे हवा थंड, बाटली बाहेर ठेवली तर काय होतंय?" वाइनला वर्षानुवर्षं ठेवायला 12 ते 14 अंश तापमान लागतं आणि अंधार लागतो. आपलं शहर एप्रिलमध्ये 35 अंशांपर्यंत जातं. शोकेसमध्ये दिव्याखाली, उभी ठेवलेली बाटली म्हणजे तिची सगळ्या बाजूंनी गैरसोय. खास कपाट नसेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, आडवी, कापडात गुंडाळून ठेवा. आडवी अशासाठी की बूच ओलं राहतं आणि आकसत नाही.

तळाशी पांढरे चमकते खडे दिसले तर घाबरू नका. ती काच नसते. द्राक्षातलंच आम्ल खडीसाखरेसारखं तळाशी बसतं. निरुपद्रवी असतं.

डोळे, नाक, जीभ

ज्या दिवशी उघडायची त्याच्या आदल्या दिवशी बाटली फ्रिजमध्ये उभी करा. गाळ खाली बसेल. जुनं बूच भुसभुशीत असतं, घाई केलीत तर तुकडे पडतात. पडले तरी काही बिघडत नाही. चहाच्या गाळणीतून गाळा, फक्त गाळणी वासरहित असू द्या. वाढण्याआधी दहा मिनिटं बाहेर ठेवा. फार गार असली की वास मुका होतो.

प्रत्येकाला 50-60 मिलीलिटर पुरे. 375 मिलीची अर्धी बाटली सहा जणांना आरामात होते.

आधी पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून रंग बघा. तपकिरी असला तरी चालेल, चमक हवी. गढूळ, मेलेला रंग असेल तर पुढे सावध राहा.

मग न हलवता एकदा वास घ्या, ग्लास फिरवून पुन्हा एकदा. इंग्रजी वर्णनांमध्ये इथे जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा मुरंबा, मध, केशर, जळवलेली साखर असे शब्द येतात. इंग्रजीत बीए केल्यामुळे असे शब्द मलाही आवडतात, पण ते उसने आणायलाच हवेत असं नाही. गेल्या महिन्यात इंदिरानगरला मैत्रिणीच्या घरी आम्ही सहा जणांनी 2005 सालची एक अर्धी बाटली वाटून घेतली. नागपूरची मैत्रीण म्हणाली, "संत्रा बर्फी." बेळगावचा मित्र म्हणाला, "काकवी." घरमालकीण म्हैसूरची, ती म्हणाली, "हळे बेल्ला," म्हणजे जुना गूळ. मला सारखे मेथीचे लाडू आठवत होते, आणि मी ते जरा बिचकतच बोलले.

घरी येऊन वाचलं तर कळलं, ते लाडू उगाच आठवले नव्हते. जुन्या सोतेर्नच्या वासात सोटोलॉन नावाचं एक संयुग असतं. मेथीदाण्याच्या वासाचं मुख्य संयुग तेच. कच्च्या उसाच्या साखरेतही ते सापडतं. म्हणजे मेथी म्हणणारी, काकवी म्हणणारा आणि जुना गूळ म्हणणारी, तिघंही एकाच गोष्टीकडे बोट दाखवत होते. बाळंतिणीचे लाडू वळणाऱ्या कुठल्याही आजीचं नाक हा वास ओळखेल. तिने कधी वाइन पाहिलेली नसली तरी.

आता घोट. छोटा घ्या, तोंडभर फिरवा. आधी गोड लागेल. दोन क्षणांनी जिभेच्या कडांना पाणी सुटतंय का बघा. सुटलं तर आंबटपणा जिवंत आहे. मग गिळा किंवा थुंका (चव बघणारे लोक थुंकतातच, त्यात असभ्य काही नाही), आणि मनात एक, दोन, तीन असे सेकंद मोजा. चव किती वेळ टिकते? फ्रेंचांकडे यासाठी खास एककच आहे, 'कोदाली'. एक कोदाली म्हणजे एक सेकंद. साधी वाइन पाच-सहावर संपते. चांगली जुनी सोतेर्न पंधरा-वीसच्या पुढे रेंगाळते.

बिघडल्याच्या खुणा

- ओल्या पुठ्ठ्याचा, भिजलेल्या वर्तमानपत्राचा वास: बूच खराब. इलाज नाही.
- नेलपॉलिश रिमूव्हर किंवा व्हिनेगरचा झणका: हलका असेल तर या वाइनमध्ये चालतो, नाक मागे घ्यावंसं वाटलं तर नाही.
- जिभेवर बुडबुडे: बाटलीत पुन्हा आंबणं सुरू झालंय. गोड शांत वाइनमध्ये हा दोषच.
- कापून ठेवलेल्या सफरचंदासारखी शिळी चव, पाणी न सुटणं, नुसता गोडवा: वाइन थकली आहे.

यातली थकलेली वाइन विषारी नसते, पण घरातल्या पाहुण्यांना "फ्रान्सची आहे, छानच असणार" म्हणून पाजू नका. नसली छान तर नाही म्हणा.

गुण द्यायचेच असतील तर रंगाची चमक, वास, आंबट-गोड तोल, रेंगाळणं, आणि अजून काही वर्षं काढेल का हा दम, अशा पाच गोष्टींना वीस-वीस गुण. सगळ्यांनी आधी कागदावर लिहायचं, मग बोलायचं. नाहीतर पहिला बोलणारा सगळ्यांच्या जिभेवर बसतो.

सोबत काय?

नियम सोपा आहे. पदार्थ वाइनपेक्षा गोड नको. श्रीखंड, पुरणपोळी, गुलाबजाम यांच्यापुढे वाइन आंबट आणि पोकळ लागते. फ्रेंच लोक सोबत खारट निळं चीज खातात. आपल्याकडे खारे काजू, सुरळीची वडी, कोथिंबीर वडी, बेताचा तिखट चिवडा. खारट-तिखटावर गोड घोट म्हणजे भेळेत चिंचेची चटणी. उरलेली बाटली बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलीत तर आठवडाभर चांगली राहते.

न पिणाऱ्यांचा प्रयोग

दोन वाट्या घ्या. एकात यंदाचं लिंबाचं गोड लोणचं, दुसऱ्यात घरातलं सगळ्यात जुनं. डोळे बांधा. रंग सोडून बाकी सगळं तसंच: वास, पाणी सुटणं, सेकंद मोजणं. मुलांना आणि आजी-आजोबांना एकत्र बसवा. कोण काय शब्द वापरतं ते लिहून ठेवा. पंचवीस वर्षांच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरपेक्षा पंचाहत्तरीची आजी अचूक निघेल, असा माझा अंदाज आहे.

मग उघडायची कधी?

2011 साली शातो दिकेमची 1811 सालची एक बाटली 75,000 पौंडांना विकली गेली. दोनशे वर्षांची. अशा बातम्या वाचून आपल्याला वाटतं, आपलीही ठेवू, किंमत वाढेल. पण ती बाटली थंड, अंधाऱ्या जागी जपलेली होती. आपली शोकेसमध्ये टीव्हीशेजारी आहे. तिची किंमत वाढत नाहीये, आयुष्य कमी होतंय.

म्हणून आज घरी गेलात की लेबलवरचं साल बघा. दहाच्या पुढे वर्षं झाली असतील आणि बाटली बाहेरच राहिली असेल, तर पुढच्या रविवारी उघडा. शक्य असेल तर ज्या माणसाने ती आणली त्यालाच बोलवा. तो दूर असेल तर व्हिडिओ कॉल लावा. चांगली निघाली तर त्याला सांगा कशी लागली, मेथीसारखी, काकवीसारखी, जशी लागली तशी. बिघडलेली निघाली तरी त्याला सांगा, आणि सगळे मिळून चहा प्या. दिलेली वस्तू उघडून बघितली, एवढं कळलं तरी देणाऱ्याला बरं वाटतं.

तुमच्या बाटलीतून किंवा बरणीतून काय निघालं ते नक्की कळवा. पुढच्या वेळी भेटू, नव्या चवीसह.